गंजाच्या गोळ्यात लपलेला खंजीर

जर्मनीतल्या हाल्टर्न गावाजवळ, लिप्पे नदीकाठी, २०१९ साली उत्खनन चालू होतं. तिथे एका १९ वर्षांच्या प्रशिक्षणार्थी मुलाच्या हाती जमिनीतून एक वेडावाकडा, तपकिरी गोळा लागला. खडे, माती आणि गंज एकमेकांत घट्ट रुतलेले. लोखंड गंजताना हवेतला प्राणवायू आणि ओलावा सामावून घेतं, फुगतं आणि आजूबाजूची वाळू पोटात घेतं. दोन हजार वर्षं हेच चालू राहिलं की मूळ वस्तूचा आकारसुद्धा ओळखू येत नाही.

अशा गोळ्यावर लगेच छिन्नी चालवत नाहीत. आधी सीटी स्कॅन. लोखंडाच्या अणूत २६ प्रोटॉन असतात, चांदीच्या अणूत ४७. अणू जितका जड, तितके क्ष-किरण जास्त अडतात. त्यामुळे गंजाच्या धूसर ढगात चांदीच्या रेघा लख्ख उठून दिसतात. आत रोमन सैनिकाचा खंजीर होता, म्यानासकट! मग संवर्धकांनी जवळजवळ नऊ महिने खपून बारीक कणांचा झोत मारत, घासत एकेक थर उतरवला. खाली चांदी-पितळेचं जडावकाम आणि लाल मिना निघाला. म्यानाला आतून लिंडेनच्या लाकडाचं अस्तर होतं. सोबत कमरपट्ट्याचे अवशेषही मिळाले.

रोमन सैनिक या खंजिराला पुगिओ म्हणत. त्याचं मूळ रोमचं नाही. इ. स. पूर्व दुसऱ्या शतकात स्पेनमधल्या केल्टिबेरियन टोळ्यांशी लढताना रोमनांनी तो पाहिला आणि उचलला. पातं साधारण वीतभर किंवा त्याहून थोडं मोठं, पानाच्या आकाराचं: मध्ये निमुळतं, पुढे पुन्हा रुंद, शेवटी अणकुचीदार. पात्याच्या मधोमध उभा कणा असतो. पट्टीची जाडी दुप्पट केली तर ती वाकवायला आठपट जोर लागतो. त्यामुळे सगळं पातं जाड न करता फक्त मध्ये कणा ठेवला की वजन फारसं न वाढता ताठरपणा येतो. लोहाराने हे सूत्र मांडलेलं नसेल, पण हाताला ते पक्कं ठाऊक होतं.

मला सगळ्यात जास्त भुरळ घालते ती त्यातली पितळ, म्हणजे तांबं आणि जस्ताचं मिश्रण. जस्त ९०७ अंश सेल्सिअसला उकळतं आणि वाफ होऊन उडून जातं, तर तांबं वितळायलाच १०८५ अंश लागतात. मग दोन्ही एकत्र आणायचे कसे? रोमन कारागीर तांब्याचे तुकडे, जस्ताचं खनिज आणि कोळसा बंद मुशीत तापवत. कोळशाने मोकळं केलेलं जस्त वाफेच्या रूपात तांब्यात मुरे. जस्त धातू म्हणून वेगळं हाती न घेताच पितळ तयार! त्याची सोनेरी तार लोखंडात कोरलेल्या खाचेत ठोकून बसवायची.

एवढा खटाटोप दुय्यम शस्त्रासाठी का? लढाईत मुख्य काम तलवारीचं आणि ढालीचं. रोमन सम्राट ऑगस्टसच्या काळात साध्या सैनिकाला वर्षाला २२५ देनारियस (चांदीची नाणी) मिळत आणि शस्त्रांचा खर्चही त्यातूनच वळता होई. तरीही कित्येकांनी खंजिराच्या म्यानावर पैसा ओतला. माझ्या मते कारण पट्ट्यातच आहे. छावणीत, बाजारात ढाल घेऊन कुणी फिरत नाही, पण कमरेचा पट्टा आणि खंजीर दिसतो. हा माणूस सैनिक आहे, हे तो लांबूनच सांगे.

त्याची धार मात्र खरी होती. इ. स. पूर्व ४४ च्या १५ मार्चला रोमचा सत्ताधीश ज्युलियस सीझरवर २३ वार झाले. पुढे मारेकऱ्यांपैकी एक असलेल्या ब्रूटसने नाण्यावर दोन खंजीर आणि मधोमध गुलामीतून सुटलेल्याची टोपी कोरून घेतली. नीट पाहिलं तर त्या दोन खंजिरांच्या मुठीही वेगवेगळ्या आहेत.

हाल्टर्नचा खंजीर कबरीतला आहे. रोमन सैनिकांना शस्त्रांसह पुरायची रीत नव्हती. तरी कुणीतरी ती मोडली आणि चांदीची नक्षी असलेला खंजीर, म्यान आणि पट्टा त्या माणसासोबत मातीत ठेवला.