जीवाणुरोधी क्रियेचे मापन

एखादे संयुग किंवा अर्क जीवाणूंची वाढ रोखतो का आणि रोखत असल्यास किती मात्रेला, हे प्रयोगशाळेत ठरवण्याच्या पद्धती. बुरशीपासून मिळणारे पेनिसिलिन, कृत्रिम सल्फा औषधे व सिप्रोफ्लॉक्सॅसिन, तसेच हळद, हिरडा, लवंग यांचे अर्क या सर्वांना साधारण एकच कसोटी लावतात. ही कसोटी शुद्ध प्रतिजैविकांसाठी बेतलेली आहे; अर्कांच्या बाबतीत ती जशीच्या तशी वापरली तर निष्कर्ष बऱ्याचदा चुकतात.

सर्वांत प्रचलित पद्धत डिस्कची : पदार्थ शोषवलेली कागदी चकती (डिस्क) जीवाणू पसरलेल्या आगरावर ठेवतात आणि तिच्याभोवतीचे वाढ न झालेले वर्तुळ, म्हणजे झोन, मोजतात. म्युलर-हिंटन आगर या वाढमाध्यमाचा सामू ७.२ ते ७.४ आणि प्लेटमधील थर ४ मिमी हवा. ९० मिमी प्लेटला त्यासाठी सुमारे २५ मिलि आगर लागते. जीवाणूंचे द्रावण गढूळपणाच्या मॅकफार्लंड मापावर ०.५ इतके गढूळ करतात, म्हणजे दर मिलिलिटरला साधारण १० ते २० कोटी जीवाणू. स्वॅब (कापूस गुंडाळलेली काडी) त्यात बुडवून नळीच्या काठावर दाबतात आणि प्लेट दर वेळी ६० अंशांत फिरवत तीन दिशांनी पसरवतात. पंधरा मिनिटांच्या आत ६ मिमी व्यासाच्या डिस्क ठेवतात. दोन डिस्कच्या मध्यांमध्ये किमान २४ मिमी अंतर राखतात, नाहीतर झोन एकमेकांत मिसळतात. सुमारे ३५° से. तापमानाला १६ ते १८ तास ठेवून झोनचा व्यास मोजतात. थर पातळ झाला तर झोन फुगतो, जीवाणू जास्त पडले तर आक्रसतो. म्हणून प्रत्येक वेळी ई. कोलाय एटीसीसी २५९२२ यांसारख्या प्रमाणित वाणावर ज्ञात प्रतिजैविक लावून पाहतात. त्याचा झोन ठरलेल्या मर्यादेत आला नाही तर त्या दिवसाचे सगळे आकडे बाद.

झोन मोठा म्हणजे पदार्थ प्रभावी, हा समज पक्का रुजलेला आहे आणि तो चुकीचा आहे. पदार्थ आगरातून किती वेगाने पसरतो यावर झोन अवलंबून असतो. कॉलिस्टिन या प्रतिजैविकाचे मोठे रेणू आगरात नीट पसरत नाहीत, म्हणून त्याची चाचणी डिस्कने करू नये असा संकेत आहे. पाण्यात न विरघळणारी, हळदीतील कर्क्युमिनसारखी संयुगेही डिस्कभोवतीच अडकतात. शिवाय वेगवेगळ्या मात्रेच्या डिस्कची आपसांत तुलना होत नाही.

तुलनेसाठी किमान रोधक मात्रा, म्हणजे एमआयसी, काढावी लागते. ९६ खळग्यांच्या प्लेटमध्ये प्रत्येकी १०० मायक्रोलिटर माध्यमात पदार्थ निम्मा-निम्मा करत नेतात : २५६, १२८, ६४ मायक्रोग्रॅम प्रति मिलि याप्रमाणे. मॅकफार्लंड ०.५ चे द्रावण शंभर ते दीडशे पट पातळ करून त्याचे १०० मायक्रोलिटर प्रत्येक खळग्यात घालतात. यामुळे पदार्थाची मात्रा निम्मी होते, हे नोंदवताना विसरले जाते. अंतिम संख्या दर मिलिलिटरला ५ लाखांच्या आसपास हवी. १६ ते २० तासांनी वाढ न दिसणारी सर्वांत कमी मात्रा ही एमआयसी. स्वच्छ राहिलेल्या खळग्यांतील द्रव आगरावर पसरून ९९.९ टक्के जीवाणू मेले असतील तर त्या मात्रेला पदार्थ जीवाणुनाशक. नुसती वाढ थांबली असेल तर जीवाणुरोधक. सिप्रोफ्लॉक्सॅसिनची वरील ई. कोलाय वाणावरील एमआयसी ०.००४ ते ०.०१६ मायक्रोग्रॅम प्रति मिलि आहे. कच्च्या अर्काची एमआयसी १००० मायक्रोग्रॅमच्या पुढे गेली, तर त्याला प्रभावी म्हणणे धाडसाचे ठरते; तरीही असे दावे सर्रास छापले जातात.

अर्कांच्या चाचणीत चूक बहुधा नियंत्रक (अर्काविना तुलनेसाठी लावलेल्या) खळग्यांच्या अभावाने होते. अर्क विरघळवायला वापरलेले डायमिथिल सल्फॉक्साइड स्वतःच जास्त प्रमाणात वाढ रोखते. ते १ टक्क्याच्या आत ठेवून त्याचा वेगळा खळगा लावावा. कोकम, लिंबू यांचे अर्क केवळ आंबटपणामुळे झोन दाखवू शकतात, म्हणून सामू ७ ला आणून चाचणी पुन्हा करावी. मधातील ग्लुकोज ऑक्सिडेज हे विकर हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करते. पेरॉक्साइड मोडणारे कॅटॅलेज घातल्यावर परिणाम नाहीसा झाला तर तो पेरॉक्साइडचा समजावा. हिरडा व डाळिंबसालीतील टॅनिने माध्यमातील प्रथिनांशी बांधून साका पाडतात. कर्क्युमिन माध्यमात पडताच गढूळपणा आणते, आणि तो वाढीसारखाच दिसतो. प्रथिनविरहित, ७.२ सामूच्या द्रावणात ३७° से. तापमानाला बहुतेक कर्क्युमिन अर्ध्या तासात विघटित होते, ही अडचण वेगळीच. रंगीत अर्कांसाठी जिवंत जीवाणूंमुळे निळ्याचे गुलाबी होणारे रेझाझुरिन हे रंगद्रव्य वापरतात. पण काही अर्क जीवाणू नसतानाही त्याचा रंग बदलतात. लवंगतेलासारखी बाष्पशील तेले शेजारच्या खळग्यांत वाफेने पोहोचतात, त्यामुळे प्लेट बंद ठेवावी लागते.

ग्राम रंजनचाचणीने जीवाणूंचे ग्राम-धन व ग्राम-ऋण असे दोन गट पडतात; त्यांतील ग्राम-ऋण जीवाणूंवर अर्कांचा प्रभाव सहसा कमी दिसतो. त्यांचे बाह्य पटल अनेक रेणू आत येऊ देत नाही आणि उत्सर्जक पंप आत आलेले बाहेर टाकतात. पंप ग्राम-धन जीवाणूंतही असतात. दारुहळदीतील बर्बेरिनला स्टॅफिलोकॉकस ऑरियसचा नॉर-ए पंप बाहेर फेकतो. बर्बेरिन असलेल्या बार्बेरिस वनस्पतींमध्येच हा पंप रोखणारे ५'-मेथॉक्सिहिड्नोकार्पिन सापडले. ते स्वतः जवळजवळ निष्प्रभ, मात्र बर्बेरिनची परिणामकारकता खूप वाढवते. एकेक घटक वेगळा काढून चाचणी केली असता अशी जोडी सुटून जाते.

याउलट काही औषधे प्लेटवर निष्क्रिय ठरतात. गेरहार्ट डोमाक यांनी १९३५ मध्ये प्रसिद्ध केलेले प्रोंटोसिल हे औषध जीवाणुसंसर्ग झालेल्या उंदरांना वाचवत होते, परंतु परीक्षानळीत त्याचा उपयोग होत नव्हता. शरीरात त्याचे तुकडे होऊन सल्फानिलामाइड सुटते आणि तेच खरे औषध, हे त्याच वर्षी पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये उलगडले. सल्फा औषधांची चाचणी आजही माध्यमावर अवलंबून असते : त्यात थायमिडीन (डीएनएचा एक घटक) जास्त असेल तर जीवाणू औषधाला बगल देतात आणि झोनच्या आत धूसर वाढ दिसते.