धान्यवाघिणींचा पुरवठा (पश्चिम कॅनडा)

पश्चिम कॅनडातील मॅनिटोबा, सस्कॅचवान व अल्बर्टा या प्रेअरी प्रांतांतले धान्य बंदरापर्यंत नेण्यासाठी रेल्वेकडे मागितलेल्या वाघिणींपैकी किती मिळाल्या, कुठे मिळाल्या आणि ठरल्या आठवड्यात मिळाल्या की नाही, याचा हिशोब म्हणजे धान्यवाघिणींचा पुरवठा. या हिशोबावरून तिथे सव्वाशे वर्षे भांडण चालू आहे. (वाघीण म्हणजे मालगाडीचा डबा. ‘वॅगन’ला मराठी जिभेने दिलेले हे रूप रेल्वेच्या माणसांत अजून चालते.)

भांडणाचे मूळ भूगोलात आहे. प्रेअरीवर गहू, बार्ली, कॅनोला, मसूर, वाटाणा अमाप पिकतो. पण समुद्र हजार-दीड हजार किलोमीटर दूर आणि मध्ये रॉकी पर्वत. जवळ मालवाहू नदी नाही आणि इतक्या अंतरावर ट्रक परवडत नाही. उरते रेल्वे. तीही मुख्यतः दोनच कंपन्यांची : कॅनेडियन नॅशनल (सीएन) आणि कॅनेडियन पॅसिफिक (सीपी, २०२३ मध्ये कॅन्सस सिटी सदर्न रेल्वे आपल्यात विलीन करून घेतल्यापासून सीपीकेसी). बहुतेक कोठारांच्या दारात यांपैकी एकीचेच रूळ असतात. त्यामुळे गिऱ्हाईक नाराज झाले तरी जाणार कुठे, हा प्रश्न इथे शब्दशः खरा आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ही अडवणूक उघडपणे चाले. ज्या स्टेशनावर एलिव्हेटर, म्हणजे धान्य उचलून साठवणारे उंच लाकडी कोठार, असे, तिथे शेतकऱ्याने स्वतःच्या घोडागाडीतून थेट वाघिणीत भरलेला गहू घ्यायला रेल्वे नकार देई. गहू एलिव्हेटरवाल्यालाच विकावा लागे. वजन, प्रत आणि घट तोच ठरवी. तक्रारी वाढल्यावर १८९९ मध्ये शाही आयोग नेमला गेला आणि १९०० मध्ये मॅनिटोबा धान्य कायदा आला. शेतकऱ्याला स्वतः वाघीण मागवून फलाटावरून भरण्याचा हक्क त्याने दिला. मात्र वाघिणी कमी पडल्या तर आधी कोणाला द्यायच्या, यावर कायदा गप्प होता.

१९०१ च्या शरदात पीक उदंड आले आणि ही उणीव लगेच उघडी पडली. धान्य पूर्वेला नेणारी महासरोवरांतली जहाजवाहतूक थंडीने बंद होईपर्यंत मोठा हिस्सा प्रेअरीवरच अडकून राहिला. आलेल्या वाघिणी एलिव्हेटरांपुढे लागत आणि शेतकरी फलाटावर हात चोळत बसे. त्या डिसेंबरात इंडियन हेड गावी शेतकऱ्यांनी टेरिटोरियल ग्रेन ग्रोअर्स असोसिएशन स्थापन केली. डब्ल्यू. आर. मदरवेल हे तिचे पुढारी. १९०२ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली. स्टेशनमास्तराने मागणीची वही ठेवायची आणि ज्या क्रमाने नावे नोंदली जातील त्याच क्रमाने वाघिणी द्यायच्या. वही साधी, पण रांगेत कंपनी आणि शेतकरी एका मापाने मोजायची.

रेल्वेने वही बाजूला ठेवून जुनाच शिरस्ता चालवला. संघटनेने सिंतालुटा स्टेशनच्या एजंटावर खटला भरला. त्याला ५० डॉलर दंड झाला, रेल्वे अपिलात गेली आणि तिथेही हरली. रक्कम किरकोळ होती. मात्र रांग मोडणे हा गुन्हा ठरला. मदरवेल पुढे १९०५ मध्ये सस्कॅचवानचे पहिले कृषिमंत्री झाले. सिंतालुटाच्याच ई. ए. पार्ट्रिज यांच्या पुढाकाराने १९०६ मध्ये ग्रेन ग्रोअर्स ग्रेन कंपनी ही शेतकऱ्यांची स्वतःची धान्य कंपनी उभी राहिली. प्रेअरीच्या सहकारी चळवळीचा उगम बरेचदा आदर्शवादात शोधला जातो. मला तो वाघिणीच्या रांगेत जास्त दिसतो.

पुढच्या टंचाईचे कारण वेगळे होते : भाडे. क्रोज नेस्ट खिंडीतून मार्ग काढण्यासाठी १८९७ मध्ये सरकारने सीपीला मैलामागे कमाल ११ हजार डॉलर देऊ केले. बदल्यात धान्याचे भाडे कायमचे उतरवून घेतले. हा ‘क्रो दर’ १९२५ मध्ये कायद्यात बसला. शेतकऱ्याला तो देवासारखा वाटे. महागाई वाढत गेली तशी रेल्वेला मात्र धान्य म्हणजे तोट्याचा माल झाला. तोट्याच्या मालासाठी नवे डबे कोण घेणार? १९७० च्या सुमारास धान्य अजून चाळीस फुटी जुन्या बंद डब्यांतून जात होते. दारात आतून फळ्या किंवा जाड कागद ठोकून गहू भरायचा आणि बंदरावर त्या उखडून तो ओढून काढायचा, अशी रीत. शेवटी १९७२ पासून केंद्र सरकारनेच हॉपर वाघिणी विकत घ्यायला सुरुवात केली. वरून झाकणातून भरायच्या, खालच्या नरसाळ्यातून रिकाम्या करायच्या. त्यांची संख्या कालांतराने सुमारे १३ हजारांवर गेली. अल्बर्टा व सस्कॅचवान प्रांतांनी प्रत्येकी हजार आणि गहू-बार्लीच्या विक्रीचा एकाधिकार असलेल्या कॅनेडियन व्हीट बोर्डाने आणखी काही हजार घेतल्या. रूळ आणि इंजिन खाजगी कंपनीचे, डबा जनतेचा, अशी ही तऱ्हेवाईक मांडणी कित्येक दशके चालली. क्रो दर १९८३ च्या कायद्याने मोडीत निघाला, त्याजागी आलेले अनुदान १ ऑगस्ट १९९५ ला संपले आणि २००० पासून धान्यवाहतुकीतून रेल्वेने मिळवायच्या एकूण उत्पन्नावर कमाल मर्यादा आली.

पुरवठा म्हणजे डब्यांची संख्या, हा समज मात्र सोडावा लागतो. वाघीण कोठारात भरते, बंदरावर रिकामी होते आणि परत येते. या एका फेरीला लागणारे दिवस हा सगळ्या गणिताचा कणा आहे. समजा ताफ्यात २० हजार वाघिणी आहेत आणि फेरी २० दिवसांची आहे, तर रोज १ हजार भरता येतात. फेरी १६ दिवसांवर आली तर त्याच ताफ्यातून रोज १,२५० भरतात. एकही नवा डबा न घेता. उलट हिवाळ्यात पारा उणे २५ अंशांखाली गेला की लांब गाडीच्या हवेच्या ब्रेकमध्ये शेवटपर्यंत दाब टिकत नाही, म्हणून गाड्या आखूड कराव्या लागतात. तेवढ्याच मालाला जास्त इंजिने आणि जास्त चालक लागतात, फेरी लांबते आणि डबे असूनही नसल्यासारखे होतात. बंदरावरचीही तऱ्हा आहे. व्हँकूव्हरला पाऊस फार, आणि उघड्या झाकणात पाऊस पडत असताना जहाजात धान्य भरत नाहीत. पाऊस दोन दिवस राहिला की बंदरावरचे कोठार तुंबते, त्यामागे गाड्या आणि त्यांच्यामागे प्रेअरी. पूर्वेकडच्या थंडर बे या सरोवरबंदराचा जलमार्ग तर जानेवारीपासून मार्च अखेरीपर्यंत बर्फाने बंदच असतो. त्यामुळे हिवाळ्यात सगळा भार पश्चिमेच्या व्हँकूव्हर व प्रिन्स रूपर्टवर येतो.

मोजमापाची भानगड याहून मोठी. कोठारचालक कंपनी अमुक आठवड्यात अमुक कोठारावर इतक्या वाघिणी हव्यात अशी मागणी नोंदवते. त्या आठवड्यात त्यातल्या किती आल्या, ही पूर्ततेची टक्केवारी. २००१ पासून क्वोरम कॉर्पोरेशन ही संस्था सरकारच्या वतीने या वाहतुकीवर देखरेख ठेवते. २०१४ पासून एजी ट्रान्सपोर्ट कोअलिशन ही माल पाठवणाऱ्यांची आघाडी दर आठवड्याला असे आकडे काढते. रेल्वेचा आक्षेप असा : टंचाईचा वास आला की कंपन्या गरजेपेक्षा जास्त मागणी नोंदवतात, म्हणजे कापूनछाटून हवे तितके पदरात पडते. मग पूर्तता कमी दिसणारच. कंपन्यांचे उत्तर असे : रेल्वे किती मागण्या स्वीकारायच्या हे स्वतःच ठरवते आणि स्वीकारलेली मागणी रद्दही करते. रद्द झालेली मागणी हिशोबातून गेली तर टक्केवारी आपोआप सुधारते. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. म्हणूनच एकट्या टक्केवारीवर विसंबू नये. किती आठवड्यांच्या मागण्या थकल्या आणि किती परस्पर रद्द झाल्या, हेही सोबत पाहावे लागते.

हे सगळे २०१३-१४ च्या हंगामात एकदम अंगावर आले. आधीच्याच वर्षी, १ ऑगस्ट २०१२ ला, गहू व बार्लीच्या विक्रीवरचा व्हीट बोर्डाचा एकाधिकार संपला होता. वाघिणींची विभागणी आता कंपन्या आणि रेल्वे आपसांत करत होत्या. २०१३ ला प्रेअरीवर विक्रमी पीक आले, साडेसात कोटी टनांच्या घरात. पाठोपाठ कडाक्याचा हिवाळा. कोठारे भरली, शेतातल्या कणग्या भरल्या, व्हँकूव्हरबाहेर जहाजे नांगर टाकून विलंबशुल्क भरत उभी राहिली. ७ मार्च २०१४ रोजी सरकारने हुकूम काढला : सीएन आणि सीपी यांनी प्रत्येकी आठवड्याला किमान ५ लाख टन, म्हणजे सुमारे साडेपाच हजार वाघिणी धान्य हलवावे. मे महिन्यात त्याला कायद्याचे रूप आले. त्याच कायद्याने प्रेअरी प्रांतांत नियंत्रित दराने दुसऱ्या रेल्वेकडे माल वळवण्याची हद्द ३० किलोमीटरवरून १६० वर नेली. हेतू सरळ होता : दुसरी रेल्वे दारात नसली तरी तिचे नाव तरी घेता यावे.

त्या हंगामात कोणाचे किती गेले? बंदरावर धान्याला चांगला भाव होता, प्रेअरीवर पडला होता. मधले अंतर रेल्वेभाड्यापेक्षा कितीतरी जास्त होते. वाघिणी मोजक्याच असल्या की एलिव्हेटरवाल्याला शेतकऱ्याला जादा भाव देण्याचे कारण उरत नाही; कणगीत साठलेला माल विकायला शेजारचाही उभाच असतो. सस्कॅचवान विद्यापीठातले कृषी अर्थतज्ज्ञ रिचर्ड ग्रे यांच्या अंदाजाने शेतकऱ्यांचे नुकसान अब्जावधी डॉलरांचे होते. रेल्वे व एलिव्हेटर कंपन्या एकमेकींवर खापर फोडत होत्या, पण टंचाईची किंमत त्यांच्यापैकी कोणी मोजत नव्हते. या साऱ्या प्रकरणात सर्वांत कमी बोलली गेलेली बाब हीच असावी.

रेल्वेची बाजूही ऐकायला हवी. आषाढीला पंढरपूरला लागतात तितक्या एसटी महामंडळाने वर्षभर राबवाव्यात असे कोणी म्हणत नाही. विक्रमी पिकाच्या मोजमापाने ताफा आणि चालक ठेवले तर इतर वर्षी ते बसून राहतील. २०२१ मध्ये दुष्काळाने पीक कोसळले तेव्हा हे दिसलेही. पण २०१७-१८ ला विक्रमी पीक नसतानाही तीच रड झाली. हिवाळ्यात पुरवठा इतका ढासळला की मार्च २०१८ मध्ये सीएनचे प्रमुख बदलले आणि नव्या प्रमुखांनी शेतकऱ्यांची जाहीर माफी मागितली. त्या मे महिन्यातल्या कायद्याने सेवाकरारात दोन्ही बाजूंनी दंडाची तरतूद मागण्याचा हक्क माल पाठवणाऱ्यांना दिला. उत्पन्नाच्या कमाल मर्यादेतही फेरफार झाला, जेणेकरून डब्यांत पैसा घालणाऱ्या कंपनीला त्याचा लाभ मिळावा. त्यानंतर सीएनने हजार आणि सीपीने ५,९०० नव्या वाघिणी घ्यायचे जाहीर केले. नव्या वाघिणी जुन्यांपेक्षा आखूड आणि तरी जास्त मावणाऱ्या. तेवढ्याच लांबीच्या गाडीत जास्त धान्य जाते.

या घटनेचा धागा महाराष्ट्रापर्यंत येतो तो डाळीतून. कॅनडाचा मसूर व पिवळा वाटाणा यांचा भारत मोठा गिऱ्हाईक आहे आणि मसूर बहुतांशी सस्कॅचवानचा. आपल्याकडची पद्धत मात्र निराळी. भारतात धान्य अजून प्रामुख्याने पोत्यांतून जाते. मागणी एकेका वाघिणीची नव्हे, अख्ख्या रेकची, म्हणजे पूर्ण मालगाडीची, नोंदवतात. तिला इंडेंट म्हणतात. रेक मिळण्यात सरकारी धान्याला व्यापारी मालाआधी प्राधान्य असते. पोती चढवण्या-उतरवण्याचे काम हमालांच्या पाठीवर चालते आणि मुदत चुकली की डेमरेज, म्हणजे विलंबशुल्क, बसते. सुटे धान्य खास वाघिणींतून हरियाणातल्या कैथलहून नवी मुंबईच्या सायलोत (उंच बंदिस्त कोठारात) आणण्याची सोय झाली, पण ती अपवादात्मकच राहिली.

कॅनडातली कोठारे आता फार थोडी उरली आहेत. १९३३ मध्ये प्रेअरीवर ५,७५८ एलिव्हेटर होते, आज चारशेही नाहीत. शंभराहून जास्त वाघिणींची अख्खी गाडी गोल रुळावर फिरवत एका दमात भरणारी सिमेंटची कोठारे आली, लहान गावांचे फाटे उखडले गेले. एकट्या शेतकऱ्याने स्वतःची वाघीण मागवण्याचा जुना हक्क कायद्यात अजून शाबूत आहे. अर्ज आता स्टेशनमास्तराकडे नव्हे, कॅनेडियन ग्रेन कमिशन या सरकारी संस्थेकडे जातो. फक्त ती वाघीण उभी करायला रूळ असलेले गाव शोधावे लागते.

१६० किलोमीटरची सवलत २०१७ मध्ये संपली, सप्टेंबर २०२३ मध्ये प्रयोग म्हणून परत आली आणि मार्च २०२५ मध्ये पुन्हा संपली. मध्येच २२ ऑगस्ट २०२४ ला दोन्ही रेल्वेंचे काम एकाच दिवशी थांबले, तेव्हा सुगी नुकतीच सुरू झाली होती. २०१८ च्या कायद्याप्रमाणे दोन्ही कंपन्यांना दर वर्षी १ ऑगस्टच्या आत येत्या हंगामातल्या धान्यवाहतुकीचा आणि १ ऑक्टोबरच्या आत हिवाळ्यातल्या तयारीचा अहवाल प्रसिद्ध करावा लागतो.