बिल्डुंग्सरोमान : वर्गसंघर्ष आणि आपलेपणाचा प्रश्न

नायकाचे किंवा नायिकेचे कोवळ्या वयापासून प्रौढत्वापर्यंत घडत जाणे हेच जिचे कथानक असते, अशा कादंबरीप्रकाराची ‘बिल्डुंग्सरोमान’ ही जर्मन संज्ञा आहे. घर सोडणे, चुकीच्या माणसांवर विश्वास टाकणे, प्रेमभंग, व्यवसायाची निवड आणि अखेरीस समाजात एखादे स्थान मिळणे किंवा नाकारले जाणे ही या प्रकाराची परिचित वळणे होत. वर्गसंघर्ष आणि आपलेपणा हे विषय त्यात एकोणिसाव्या शतकातील इंग्रजी व फ्रेंच कादंबरीने आणले, असा एक समज आहे. हे दोन्ही विषय या प्रकाराच्या आद्य कृतीतच अंतर्भूत होते आणि नंतरच्या व्याख्यांनी ते काही काळ झाकून टाकले, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

संज्ञेचा उगम. दीर्घकाळ या संज्ञेचे जनकत्व विल्हेल्म डिल्टाय या तत्त्वज्ञाकडे दिले जात असे. श्लायरमाखर या धर्मचिंतकाच्या चरित्रात (१८७०) त्याने जर्मन कवी गटे याच्या ‘विल्हेल्म माइस्टर’ या कादंबरीच्या परंपरेतील कादंबऱ्यांना हे नाव दिले आणि १९०६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या निबंधसंग्रहात त्यांचे जे वर्णन केले, ते पुढे पाठ्यपुस्तकी व्याख्या होऊन बसले. आनंदी अर्धजागृतीत आयुष्यात पाऊल टाकणारा तरुण समानशील जीवांचा शोध घेतो, मैत्री व प्रेम अनुभवतो, जगाच्या कठोर वास्तवाशी झगडतो आणि अखेर स्वतःला व जगातील आपल्या कार्याला ओळखतो, असा त्या वर्णनाचा आशय आहे. तथापि १९६१ मध्ये फ्रिट्स मार्टिनी या अभ्यासकाने दाखवून दिले की, डॉर्पाट (आजचे एस्टोनियातील टार्टू) येथील विद्यापीठात वक्तृत्व व अभिजात भाषांचे अध्यापन करणाऱ्या कार्ल मॉर्गेनश्टेर्न याने ही संज्ञा डिल्टायच्या सुमारे अर्धशतक आधी वापरली होती. या कादंबरीप्रकाराच्या स्वरूपाविषयीचे त्याचे व्याख्यान १८१९ च्या अखेरीस झाले व पुढील वर्षी छापले गेले. त्याच्या त्यापूर्वीच्या लेखनातही ही संज्ञा आढळत असल्यामुळे नेमके वर्ष सांगताना अभ्यासकांत एकवाक्यता नाही. १८१० ते १८२० हे दशक धरणे सुरक्षित ठरावे.

हा वाद केवळ श्रेयाचा नाही. मॉर्गेनश्टेर्नच्या मते अशी कादंबरी नायकाची घडण दाखवते आणि त्या चित्रणाद्वारे वाचकाचीही घडण अन्य कोणत्याही कादंबरीपेक्षा अधिक साधते. म्हणजे तिची दिशा पुस्तकाबाहेर, वाचणाऱ्या समाजाकडे होती. डिल्टायच्या वर्णनात ही बाजू मागे पडते. तेथे घडण हा जवळजवळ आत्म्याचा नैसर्गिक विकास ठरतो आणि तरुणाच्या खिशात काय आहे, त्याचा बाप कोण, हे प्रश्न उरत नाहीत. व्याख्या बदलल्यामुळे वर्ग दृष्टिआड गेला, असे म्हणण्यास येथे आधार मिळतो. याहून मागे जाऊन फ्रीडरिश फोन ब्लांकेनबुर्गच्या कादंबरीविषयक निबंधातही (१७७४) या प्रकाराचे सूत्र शोधले जाते. वीलांटच्या ‘आगाथोन’ या कादंबरीला (१७६६–६७) समोर ठेवून त्याने माणसाचा अंतःस्थ इतिहास हा कादंबरीचा खरा विषय मानला होता, मात्र संज्ञा त्याची नव्हे. उलटपक्षी, जर्मन साहित्यात या व्याख्येत चपखल बसणाऱ्या कृती फारच थोड्या आहेत, असा आक्षेप जेफ्री सॅमन्स या अभ्यासकाने १९८१ मध्ये घेतला. तो अतिशयोक्त असला तरी दुर्लक्षिण्याजोगा नाही.

आद्य कृती. गटेची ‘विल्हेल्म माइस्टर्स लेअरयारे’ (१७९५–९६) ही कादंबरी फ्रेंच राज्यक्रांतीच्या धगीत लिहून पूर्ण झाली. तिचा नायक व्यापाऱ्याचा मुलगा असून घरचा धंदा टाळून नाटकमंडळीत शिरतो. पाचव्या भागात त्याने आपला मित्र वेर्नर यास लिहिलेले पत्र वर्गाच्या दृष्टीने संपूर्ण प्रकाराची किल्ली मानता येईल. सरदार आपल्या व्यक्तिमत्त्वाने सर्व काही देतो, सामान्य नागरिकाला मात्र ‘तू कोण आहेस’ असे न विचारता ‘तुझ्यापाशी काय आहे’ असेच विचारले जाते, असे तो लिहितो. सर्वांगीण घडण जन्माने नाकारली गेली असल्याने ती मिळवण्याची एकच जागा त्याला दिसते, ती म्हणजे रंगभूमी. याचा दोष सरदारांच्या उद्धटपणाकडे वा नागरिकांच्या नमतेपणाकडे नसून समाजाच्या रचनेकडे आहे, असेही तो नोंदवतो आणि ती रचना कधी बदलेल याची आपण चिंता करत नाही, असे सांगून मोकळा होतो. हा मोकळेपणा वाचकाने निमूट स्वीकारावा, अशी अपेक्षा मात्र दिसत नाही.

शेवटी विल्हेल्म उमराव घराण्यातील नाटालियेशी विवाहबद्ध होण्याच्या मार्गावर असतो. त्याच्या जडणघडणीवर ‘मनोरा’ नावाचे एक गुप्त मंडळ आरंभापासून नजर ठेवून होते, हेही उघड होते. कादंबरी तीन वर्गविषम विवाहांनी संपते, हे गटेचा कवीमित्र शिलर याने १७९६ च्या पत्रव्यवहारातच टिपले होते. नोव्हालिस या कवीने तिला सरदारकीच्या सनदेसाठीची तीर्थयात्रा म्हणून हिणवले, तर हेगेल या तत्त्वज्ञाने सौंदर्यशास्त्रावरील व्याख्यानांत अशा कादंबऱ्यांचा नायक कितीही झगडला तरी शेवटी मुलगी व नोकरी मिळवून इतरांसारखाच सामान्य गृहस्थ होतो, असा उपहास केला. समीक्षक फ्रांको मोरेत्ती (१९८७) यांनी या विवाहांकडे क्रांती टाळता आली असती याचे कल्पनाचित्र म्हणून पाहिले आहे. हे वाचन कृतीच्या काळाशी अधिक जुळते. मात्र त्यात विल्हेल्मने आश्रय दिलेली मुलगी मिन्योन व वृद्ध वीणावादक या दोन पात्रांना पुरेशी जागा मिळत नाही. आपलेपणाच्या वर्तुळात ज्यांना जागा करता येत नाही अशी ही दोघे मरण पावतात आणि मिन्योनचे शव औषधे भरून समारंभपूर्वक जतन केले जाते. सामावून घेण्याची किंमत कोणी चुकवली, हे सांगणारा याहून स्पष्ट प्रसंग या प्रकारात क्वचितच आढळतो.

फ्रान्स व इंग्लंड. स्तांदालच्या ‘तांबडे आणि काळे’ (१८३०) या कादंबरीत समेटाची शक्यताच उरत नाही. लाकूड कापण्याची गिरणी चालवणाऱ्याचा मुलगा ज्युलियँ सोरेल न्यायालयात ज्युरीकडे पाहून म्हणतो की, त्या बाकांवर एकही श्रीमंत झालेला शेतकरी नाही, केवळ संतापलेले मध्यमवर्गीय आहेत. गुन्हा गोळी झाडण्याचा असला तरी आपल्याला शिक्षा होते आहे ती आपली पायरी ओलांडल्याची, अशी त्याची भूमिका आहे.

डिकन्सच्या ‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’मध्ये (१८६०–६१) वर्ग कायद्याच्या रूपात न येता लाजेच्या रूपात येतो. केंटमधील दलदलीच्या प्रदेशात लोहाराच्या घरी वाढलेल्या पिपला स्वतःच्या खरखरीत हातांची व जाड बुटांची शरम वाटू लागते, ती एस्टेला या श्रीमंत घरातील मुलीच्या एका तिरकस वाक्याने. पत्त्यांतील गुलामाला तो चुकीचे नाव देतो, एवढेच निमित्त पुरते. पुढे लंडनमध्ये सभ्य गृहस्थ झाल्यावर भेटीला आलेला तो लोहार, जो गार्जरी, टोपी कोठे ठेवावी या विवंचनेत पडतो आणि जाताना लोहार, कल्हईवाला, सोनार असे भेद जगात राहणारच, असे त्याला समजावतो. या प्रसंगात आपलेपणा कोणी तोडला याविषयी निवेदक स्वतःस माफ करत नाही. पिपच्या संपत्तीचा उगम न्यू साउथ वेल्समध्ये हद्दपार झालेल्या कैद्याच्या मेंढपाळीत असल्याचे उघड झाल्यावर ‘सभ्यता’ ही संज्ञाच डळमळते. बुल्वर-लिटन या कादंबरीकाराच्या सूचनेवरून डिकन्सने पिप व एस्टेला यांचे मीलन न होणारा मूळ शेवट बदलला. तो पहिला शेवट डिकन्सचा मित्र फॉर्स्टर याने डिकन्सच्या चरित्राच्या तिसऱ्या खंडात (१८७४) छापला. वर्गदृष्ट्या पहिला शेवट अधिक सुसंगत आहे, असे मत बऱ्याच समीक्षकांनी मांडले आहे. ते ग्राह्य मानावे, मात्र सुधारित शेवटाचे शेवटचे वाक्यही निःसंदिग्ध मीलनाचे नाही, हे लक्षात ठेवावे.

शालेय वाचन. अमेरिकेत एस. ई. हिंटन यांची ‘द आउटसायडर्स’ (१९६७) ही कादंबरी शाळांतून मोठ्या प्रमाणात शिकवली जाते. लेखिकेने ती पंधराव्या वर्षाच्या सुमारास लिहायला घेतली. ओक्लाहोमातील टल्सा शहरातून सुचलेल्या या कथेत पूर्वेकडील गरीब ‘ग्रीझर’ व पश्चिमेकडील श्रीमंत ‘सोश’ मुलांच्या टोळ्या आहेत. येथे वर्ग केस, कपडे व मोटारी यांवरून ओळखला जातो, तर आपलेपणा आई-वडील गमावलेल्या तीन भावांच्या घरातून आणि टोळीतून मिळतो. त्यामुळे संघर्षाचे कारण अर्थव्यवस्थेत न शोधता परस्परांच्या गैरसमजात शोधण्याकडे अध्यापनाचा कल राहतो, ही या वाचनाची मर्यादा म्हणता येईल.

मराठीतील स्थिती. भालचंद्र नेमाडे यांच्या ‘कोसला’ (१९६३) या कादंबरीचा पांडुरंग सांगवीकर खानदेशातील सांगवीहून पुण्यात शिकायला येतो. बापाच्या पैशावर वसतिगृहात राहून, पदवीविना तो गावी परततो. डिल्टायच्या अर्थाने घडणे येथे घडत नाही आणि गाव-शहर यांपैकी कोठेही तो पुरता आपला होत नाही, एवढे निश्चित सांगता येते. आपलेपणाच्या नकाराचा प्रश्न मराठीत अधिक तीव्रतेने आला तो कादंबरीत नव्हे, तर आत्मकथनांत. दया पवार यांच्या ‘बलुतं’मध्ये (१९७८) लेखक व त्याचे जुने नाव धारण करणारा दगडू यांचा संवाद आहे, तर लक्ष्मण माने यांच्या ‘उपरा’चे (१९८०) शीर्षकच आपलेपणाचा अभाव नोंदवते. येथे निर्णायक घटक वर्ग नसून जात आहे, आणि युरोपीय व्याख्या तशीच लागू करणे म्हणूनच युक्त नाही.