वीतभर पाण्याचं एव्हरग्लेड्स: फळ्यांच्या वाटेवरून आणि होडीतून

एव्हरग्लेड्स या अमेरिकेतल्या पाणथळ राष्ट्रीय उद्यानात जायचं तर डिसेंबर ते एप्रिलच्या दरम्यान जावं. डास कमी असतात म्हणून हा सल्ला देतात, आणि तो योग्यच आहे. पण मोठं कारण पाण्याच्या पातळीचं. दक्षिण फ्लॉरिडाची जमीन इतकी सपाट आहे की ओकीचोबी सरोवराकडून समुद्राकडे जाताना ती किलोमीटरला जेमतेम 3 सेंटिमीटर उतरते. साधारण मे ते नोव्हेंबर या पावसाळी महिन्यांत या उतारावरून पाण्याचा रुंद, उथळ थर सरकत असतो आणि मासे, पक्षी, मगरीच्या जातकुळीतले ॲलिगेटर त्यात दूरदूर विखुरतात. कोरड्या ऋतूत पाणी ओसरून खोलगट जागांपुरतं उरतं, आणि एरवी शोधून न सापडणारे जीव एकेका डबक्याभोवती गोळा होतात. यातली बरीच डबकी ॲलिगेटरच राखतो. तोंडाने आणि शेपटीने गाळ-झाडोरा बाजूला सारून तो खड्डा खोल ठेवतो; त्यातल्या पाण्यावर मासे तगतात आणि माशांवर बगळे.

हे सगळं सर्वात जवळून दिसतं ते उद्यानातल्या रॉयल पाम भागातल्या अनहिंगा ट्रेल या पायवाटेवर. वाट फक्त 1.3 किलोमीटरची, काही पक्की, काही पाण्यावर उभारलेल्या फळ्यांची. टेलर स्लू हा खोलगट पट्टा इथून जातो, म्हणून बाकी भाग सुकला तरी इथे पाणी टिकतं. वाटेला नाव देणारा अनहिंगा हा पाणपक्षी आपल्याकडच्या तिरंदाजाचा भाऊबंद. त्याची पिसं भिजतात, त्यामुळे तो सहज बुडी मारतो, आणि मग पंख पसरून तासन्‌तास वाळवत बसतो. ॲलिगेटरपासून किमान साडेचार मीटर लांब राहा. निपचित पडलेला ॲलिगेटर सुस्त वाटतो, पण झेप घेतो तेव्हा मागे सरायला वेळ मिळत नाही. पार्किंगमध्ये वेगळाच त्रास असतो: काळी गिधाडं वायपरचं आणि काचांभोवतीचं रबर उपटतात. तिथे ताडपत्र्या ठेवलेल्या असतात, त्यातली एक गाडीवर घालून नीट बांधा.

पुढे पा-हे-ओकी या ठिकाणच्या फळ्यांच्या वाटेवर बहुतेक जण क्षितिजापर्यंत पसरलेलं सॉग्रास बघतात आणि परततात. हे खरं गवत नव्हे, नागरमोथ्याच्या कुळातली वनस्पती आहे. पात्यांच्या कडा करवतीसारख्या, हात लावू नका. कठड्याशी थांबून तिच्या बुंध्याकडे बघा. तिथे पिवळट-तपकिरी, स्पंजसारखा थर चिकटलेला दिसेल. शेवाळ आणि जिवाणूंच्या या थराला पेरिफायटन म्हणतात. गोगलगायी, लहान मासे यांचं पोट त्यावर भरतं, आणि पाणी ओसरल्यावरही तो ओल धरून ठेवतो. तो टिकतो कारण इथलं पाणी पोषकद्रव्यांच्या बाबतीत फार गरीब आहे. फॉस्फरसची मर्यादा अब्जात 10 भाग इतकी कडक ठेवली आहे ती यासाठीच. शेतांतून येणाऱ्या पाण्याने हे प्रमाण वाढलं की पेरिफायटन विस्कटतो आणि सॉग्रासच्या जागी पाणकणीस माजतं. माझ्या मते एव्हरग्लेड्सची तब्येत ॲलिगेटरच्या संख्येपेक्षा या मळकट थरावरून लवकर कळते.

मोटरबोटीआधी वल्ह्याची होडी घ्यावी. नाइन माइल पाँड या तळ्याचा सुमारे 8 किलोमीटरचा फेरा पांढऱ्या, क्रमांक लिहिलेल्या खांबांवरून शोधत जायचा असतो. पुढचा खांब दिसल्याशिवाय हातचा सोडू नका, कारण खारफुटीची बेटं सगळी सारखीच दिसतात. कोरड्या ऋतूच्या शेवटी इथे होडी टेकण्याइतकं पाणी उतरतं, म्हणून निघण्यापूर्वी रेंजरला पातळी विचारा. पंख्यावर चालणाऱ्या एअरबोटींना उद्यानाच्या बहुतांश भागात बंदी आहे; त्या टॅमियामी ट्रेल रस्त्यालगतच्या पट्ट्यात मिळतात. त्यांना ब्रेक नसतो, आणि कानात बोळे हवेतच.

फ्लॉरिडा बेमध्ये, म्हणजे दक्षिणेकडच्या उपसागरात, मोटरबोटीची खरी कसोटी लागते. सरासरी खोली मीटरभर, आणि मधोमध चिखलाचे बांध पसरलेले. पोलराइज्ड चष्म्यातून पाण्याचा रंग वाचायचा: निळं म्हणजे खोल, हिरवं सहसा चालण्याजोगं, पांढुरकं संशयाचं, तपकिरी म्हणजे समुद्री गवत अगदी वर आलेलं. सूर्य समोर असेल तर हे काहीच दिसत नाही. बांधांमुळे आतल्या भागात भरती-ओहोटीचा जोर फार पोचत नाही, तिथे वाऱ्याचं राज्य असतं. थंडीची लाट येऊन उत्तरेचा वारा सुटला की तो पाणी बाहेर ढकलतो, आणि सकाळी गेलेली वाट दुपारी उघडी पडते.

मागे गढूळ पट्टा दिसू लागला की इंजिनचा पंखा तळ खरवडतोय असं समजा आणि इंजिन लगेच बंद करा. जोर लावून सुटायला गेलात तर कासवगवत या समुद्री गवताचे जमिनीखालचे कोंब तुटतात, आणि तो चर भरून यायला वर्षानुवर्षं लागतात. शिवाय इंजिनात थंडाव्यासाठी खेचलेल्या पाण्याबरोबर वाळू जाते. इंजिन वर उचला, वजन होडीच्या मोकळ्या टोकाकडे न्या आणि आलात त्याच दिशेने बांबूने रेटा. तरीही हलली नाही तर पाणी परत येईपर्यंत बसून राहावं लागतं. त्यासाठी माणशी रोजचं 4 लिटर पिण्याचं पाणी बरोबर हवं, कारण आजूबाजूला असतं ते सगळं खारं.