हिशोबपट्टीसारखी वाचता येणारी भाषा

नाशिकला पंचवटीच्या बाजार समितीत टोमॅटो विकून आले की अण्णा आधी हिशोबपट्टी घेऊन बसायचे. वजन, भाव, हमाली, तोलाई, शेवटी निव्वळ रक्कम. पैशांच्या रकान्यावर बोट ठेवून बेरीज पुन्हा करायचे. कोबोल ही संगणकाची जुनी भाषा शिकताना मला सारखी ती पट्टीच आठवत होती.

१९५९ पर्यंत यंत्र बदललं की पगारपत्रकापासून मालसाठ्यापर्यंतचे सगळे प्रोग्राम नव्याने लिहावे लागत. कोणत्याही कंपनीच्या संगणकावर चालेल अशी व्यवहाराची एक भाषा हवी, हे संगणकतज्ज्ञ मेरी हॉज यांनी लावून धरलं आणि त्या मे महिन्यात पेंटागॉनमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या मुख्यालयात, बैठक भरली. त्यातून घडलेल्या कोबोलवर सर्वांत मोठी छाप पडली ती ग्रेस हॉपर यांच्या फ्लो-मॅटिक या आधीच्या भाषेची. यंत्राला साध्या इंग्रजी शब्दांत सांगता यावं, हा हॉपरबाईंचा आग्रह होता. डिसेंबर १९६० मध्ये एकच प्रोग्राम आरसीए आणि युनिव्हॅक या दोन वेगळ्या यंत्रांवर चालवून दाखवला गेला.

मला खरं अप्रूप आहे ते रक्कम मांडण्याच्या रीतीचं. कोबोलमध्ये ती आधी आखून द्यावी लागते: पिक ९(५)व्ही९९. ‘पिक’ म्हणजे आकड्याचा साचा, ‘९’ म्हणजे एका अंकाचं घर. रुपयांना पाच घरं, पैशांना दोन. ‘व्ही’ म्हणजे दशांशचिन्हाची जागा. चिन्ह साठवलं जात नाही, जागा तेवढी ठरलेली. खतावणीत रुपये आणि पैसे यांच्यामध्ये उभी रेघ असते ना, अगदी तशी.

ही आखणी का लागते? एक तृतीयांश दशांशात लिहायला घेतला तर ०.३३३ संपतच नाही. संगणकाच्या फक्त ० आणि १ वापरणाऱ्या द्विमान पद्धतीत एक दशांशाचं, म्हणजे ०.१ चं, तेच होतं; कुठेतरी तोडावाच लागतो. म्हणून कित्येक भाषांत ०.१ आणि ०.२ यांची बेरीज ०.३०००००००००००००००४ येते. एका पट्टीत हे जाणवणार नाही, पण लाखो खात्यांवर व्याज लावताना अशा चुका साचत जातात. कोबोलमध्ये रक्कम दशमान अंकांतच ठेवता येते, त्यामुळे पैशाला पैसा जुळतो. जगभरच्या कित्येक बँकांनी ती आजवर सोडलेली नाही, त्याचं हे एक मोठं कारण.

एकदा अण्णांना मी ओळ वाचून दाखवली: ‘सबट्रॅक्ट हमाली तोलाई फ्रॉम रक्कम गिव्हिंग निव्वळ.’ त्यांना ती लगेच कळली. मग म्हणाले, “आणि अर्धा पैसा उरला तर?”

त्यालाही शब्द आहे, राउंडेड. तो लिहिला तर कोबोल अर्धा पैसा वरच्या पैशात धरते, नाही लिहिला तर सोडून देते.

“मग तो लिही,” अण्णा म्हणाले.