१०,००० पीपीएमपासून १० पीपीएमपर्यंत: डिझेल पिकअपच्या नियमांची पार्श्वभूमी

बीएस-६ (वाहनांच्या धुरासाठीच्या ‘भारत स्टेज’ नियमांचा सहावा टप्पा) पिकअप घेतलेल्यांची आज सगळ्यात जास्त तक्रार डीपीएफबद्दल, म्हणजे धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरबद्दल असते. दिवा लागतो, गाडी ओढत नाही, सर्व्हिस सेंटरला न्यावी लागते आणि तेवढ्या दिवसांचं भाडं बुडतं. या त्रासाचं मूळ शोधायचं तर डिझेलमधल्या गंधकापर्यंत मागे जावं लागतं.

१९९० च्या दशकाच्या सुरुवातीला आपल्या डिझेलमध्ये एक टक्क्यापर्यंत, म्हणजे १०,००० पीपीएम (दहा लाख भागांत दहा हजार भाग) गंधक चालत असे. पुढे बीएस-२ ला ५००, बीएस-३ ला ३५०, बीएस-४ ला ५० आणि बीएस-६ ला १० पीपीएम अशी मर्यादा खाली आली. धूर स्वच्छ करणारी उपकरणं गंधकाने निकामी होतात, त्यामुळे इंधन सुधारल्याशिवाय गाडी सुधारणं शक्यच नव्हतं.

डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या समितीने २००२ मध्ये यासाठी टप्पे आखून दिले: मोठी शहरं आधी, बाकी देश नंतर. त्यानुसार एप्रिल २०१० मध्ये बीएस-४ निवडक शहरांत आलं. त्यात मुंबई, पुणे आणि सोलापूर होती, पण राज्याच्या बहुतेक भागात बीएस-३ डिझेलच मिळत राहिलं. कार शहरातच फिरते, त्यामुळे तिला हे चाललं. पिकअप मात्र तालुक्याच्या पंपावर टाकी भरून मुंबईच्या बाजारात भाजी उतरवते. तिच्यासाठी ही विभागणी मुळातच कच्ची होती, असं माझं मत आहे.

भेसळीचा प्रश्न तर याहून गंभीर होता. रेशनचं रॉकेल स्वस्त, डिझेल महाग, आणि या फरकावर टोळ्या पोसल्या गेल्या. रॉकेलमध्ये २,५०० पीपीएमपर्यंत गंधक चालत असे, म्हणजे पंपावर मिसळलेल्या रॉकेलने रिफायनरीत केलेली सगळी मेहनत वाया जाई. २५ जानेवारी २०११ रोजी मनमाडजवळ अशा टोळीला रंगेहाथ पकडायला गेलेले मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना जिवंत जाळण्यात आलं. स्वच्छ इंधनाच्या इतिहासात त्यांचं नाव आवर्जून घेतलं पाहिजे.

त्यानंतर वेग वाढला. जानेवारी २०१६ मध्ये केंद्राने बीएस-५ गाळून २०२० पासून थेट बीएस-६ आणण्याचा निर्णय जाहीर केला. २९ मार्च २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाने १ एप्रिलपासून बीएस-३ वाहनांची विक्री थांबवली. तेव्हा सुमारे ९६ हजार व्यावसायिक वाहनं विक्रीविना उभी होती. ऑक्टोबर २०१८ मध्ये न्यायालयाने बीएस-४ च्या विक्रीलाही ३१ मार्च २०२० ही शेवटची तारीख दिली.

बीएस-४ वरून बीएस-६ वर जाताना जड गटातल्या पिकअपसाठी काजळीची मर्यादा किलोमीटरमागे ०.०६ ग्रॅमवरून ०.००४५ ग्रॅमवर आली, तर नायट्रोजन ऑक्साइडची ०.३९ वरून ०.१२५ वर. एवढी घट नुसत्या इंजिनच्या ट्यूनिंगने होत नाही. म्हणून काजळी अडवणारा डीपीएफ आला आणि काही गाड्यांत नायट्रोजन ऑक्साइड कमी करण्यासाठी युरियाची टाकीही आली. गाडीची किंमत वाढली, हप्ता वाढला.

डीपीएफमध्ये साठलेली काजळी जाळायला सुमारे ६०० अंश तापमान लागतं. हायवेवर सलग वेगात गाडी चालली की ते मिळतं. गल्लीबोळात दर दहा मिनिटांनी थांबणाऱ्या डिलिव्हरीच्या गाडीला ते मिळत नाही आणि फिल्टर चोक होतो. ज्यांच्या गाड्या दिवसभर अशाच चालतात त्यांना विक्रीच्या वेळीच हे स्पष्ट सांगायला हवं होतं. ते बहुतेकांना सांगितलं गेलं नाही. मग कोणी गॅरेजमध्ये फिल्टरच काढून टाकतं. ते बेकायदा आहेच, शिवाय काजळी सगळ्यात आधी त्याच गल्लीतल्या मुलांच्या छातीत जाते.

जुन्या बीएस-३, बीएस-४ पिकअपवाल्यांना घाबरायचं कारण नाही. त्यांच्या गाड्या १० पीपीएमच्या डिझेलवर व्यवस्थित चालतात. नव्या गाड्यांसाठी एप्रिल २०२३ पासून प्रत्यक्ष रस्त्यावरच्या उत्सर्जनाचीही मर्यादा लागू झाली आहे. म्हणजे प्रयोगशाळेतल्या रोलरवर पास होणं आता पुरेसं नाही.