सारथी की वाहन? आरटीओचं कुठलं काम कुठल्या सिस्टीममध्ये

कुरुक्षेत्रावर आरटीओचा माणूस उभा असता तर रथाचं आरसी म्हणजे नोंदणीचं कार्ड त्याने अर्जुनाकडे मागितलं असतं आणि लायसन्स मात्र कृष्णाकडे. एवढं डोक्यात बसलं की निम्मं काम झालं, कारण परिवहन खात्याच्या ज्या दोन सिस्टीममध्ये लोकांची रोज गल्लत होते त्यांची नावंच सारथी आणि वाहन अशी आहेत. सारथीवर चालवणाऱ्या माणसाचा हिशोब, वाहनवर गाडीचा. दोन्ही एनआयसी या सरकारी संगणक संस्थेने केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयासाठी बनवलेल्या, दोघींचं दार एकच म्हणजे परिवहनची वेबसाइट, दोन्हीकडे आधी राज्य निवडा म्हणतात, दोन्हीकडे ओटीपी येतो, दोन्हीकडे कागद अपलोड करून फी भरून स्लॉट घ्यायचा, दिसायलाही सख्ख्या बहिणी, मग माणूस चुकीच्या दारात जाणारच ना.

(पुण्यातली ती सारथी वेगळी बरं का, ती छत्रपती शाहू महाराज संशोधन, प्रशिक्षण व मानव विकास संस्था, तिचा आरटीओशी काही संबंध नाही. पण "सारथी ऑनलाइन अर्ज" असं टाइप केलं की दोघी शेजारी शेजारी येतात आणि स्कॉलरशिप शोधणारं पोरगं लर्निंग लायसन्सच्या पानावर जाऊन बसतं.)

खरा घोळ सॉफ्टवेअरच्या आधीच सुरू होतो, आपल्या मराठीत. आपण बोलताना लायसन्सलाही परवाना म्हणतो आणि गाडी भाड्याने फिरवायच्या परमिटलाही परवाना म्हणतो. सरकारी कागदावर मात्र लायसन्स म्हणजे अनुज्ञप्ती आणि परमिट म्हणजे परवाना, पण अनुज्ञप्ती हा शब्द तोंडाने उच्चारलेला माणूस मी तरी आरटीओच्या गेटबाहेर पाहिलेला नाही, आपलं कच्चं लायसन्स आणि पक्कं लायसन्स. त्यामुळे कोणी "परवाना रिन्यू करायचाय" म्हणालं की आधी विचारावं लागतं, तुझा की रिक्षाचा? तुझा असेल तर सारथी, रिक्षाचा असेल तर वाहन. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यातही चालकाचं लायसन्स, गाडीची नोंदणी आणि परमिट यांची प्रकरणं वेगवेगळी आहेत, सॉफ्टवेअरने ती भिंत तशीच ठेवली इतकंच.

आणखी एक गंमत, एसटीत चालक आणि वाहक असतात ना, तर वाहकाचं म्हणजे कंडक्टरचं लायसन्स वाहनवर नाही, सारथीवर. कारण तोही माणूसच.

आपण बरोबर जागी आलोय का हे ओळखायची सोपी खूण सांगतो. सिस्टीम तुमच्याकडे काय मागते ते बघा. सारथी जन्मतारीख विचारते, वाहन चॅसी नंबरचे, म्हणजे गाडीच्या सांगाड्यावर कोरलेल्या नंबराचे, शेवटचे आकडे विचारते. गाडीला वाढदिवस नसतो आणि तुम्हाला चॅसी नंबर नसतो. मुद्दाम सांगतोय कारण एकीकडचा ॲप्लिकेशन नंबर दुसरीकडे टाकून "रेकॉर्डच सापडत नाही" म्हणून रडणारे दर आठवड्याला भेटतात, मीही त्यातलाच होतो. लायसन्सचा नंबर आणि गाडीचा नंबर दोन्ही एमएच १२ किंवा एमएच ०९ असेच सुरू होतात हेही एक कारण, पण लायसन्सच्या नंबरात त्यापुढे साल असतं आणि मग ७ आकडे, गाडीच्या नंबरात सिरीजची अक्षरं आणि शेवटी ४ आकडे.

आता पत्ता. हा सगळ्यात जास्त चुकणारा विषय आहे. घर बदललं, हौसेने लायसन्सवरचा पत्ता बदलून घेतला, नवीन कार्ड पोस्टाने घरी आलं, आणि मग सहा महिन्यांनी गाडीचे कागद काढले तर त्यावर जुन्या वाड्याचाच पत्ता. माझं अगदी हेच झालं. मला वाटलं सरकारकडे एकदा कळवलं म्हणजे कळवलं, आधार नंबर दोन्हीकडे तोच आहे, आपोआप होईल. होत नाही. सारथीला तुम्ही माहीत आहात, वाहनला तुमची गाडी माहीत आहे, आणि त्या गाडीचा मालक म्हणून जो पत्ता तिथे लिहिलाय तो तुम्ही वेगळा अर्ज करेपर्यंत हलत नाही. दोन अर्ज, दोन फी. गाडीवर बँकेचा बोजा असेल तर वाहनवर पत्ता बदलायलाही बँकेचं ना हरकत मागतात, सारथीला बँकेचं काही देणंघेणं नाही.

राज्यच बदललं तर फरक आणखी उघडा पडतो. समजा कोल्हापूरचा माणूस नोकरीला पणजीला गेला. लायसन्स देशभर चालतं, ते खिशात ठेवून तो निवांत फिरू शकतो. गाडीचं तसं नाही, १२ महिन्यांपेक्षा जास्त काळ दुसऱ्या राज्यात ठेवायची असेल तर तिथला नंबर घ्यावा लागतो, त्यासाठी आधी कोल्हापूरच्या आरटीओची फॉर्म २८ वरची एनओसी, मग गोव्याचा टॅक्स, मग जीए ची पाटी. आणि महाराष्ट्रात भरलेल्या टॅक्समधला उरलेला भाग परत मागायचा तो वेगळाच अर्ज. हे सगळं वाहनवर. सतत बदल्या होणाऱ्यांसाठी २०२१ मध्ये बीएच सिरीज म्हणजे राज्य बदललं तरी चालणारा गाडीचा नंबर आला तो याच कटकटीमुळे, लायसन्सला बीएच सिरीज लागतच नाही.

विकलेल्या गाडीचं बघा आता, कारण यात पैसे जातात. गाडी विकली, समोरच्याने रोख दिले, स्टॅम्पपेपरवर दोन ओळी लिहिल्या, किल्ली दिली, आपण सुटलो. असं आपल्याला वाटतं. वाहनवर मालक म्हणून तुमचंच नाव असतं, कॅमेऱ्याने सिग्नल तोडल्याचा फोटो काढला की पाटीवरच्या नंबरावरून नाव तिथूनच उचललं जातं आणि मेसेज तुमच्या मोबाईलवर. चालान तरी परवडलं, अपघात झाला तर? सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या केसमध्ये स्पष्ट सांगितलंय की रजिस्टरवर ज्याचं नाव तो मालक, मधे गाडी किती हातांत गेली याच्याशी नुकसानभरपाई मागणाऱ्याला घेणं नाही. त्या केसमध्ये गाडी एकामागून एक अशी बऱ्याच जणांना विकली गेली होती आणि रजिस्टरवर मात्र पहिलाच माणूस होता. म्हणून फॉर्म २९ आणि ३० भरून, ट्रान्सफर वाहनवर पूर्ण झालं की नाही हे स्वतः नंबर टाकून तपासायचं, मालकाचं नाव आता अर्धं झाकलेलं दिसतं पण बदललंय की नाही एवढं कळतं. "एजंटला दिलंय" म्हणजे ट्रान्सफर झालं असं नाही.

यातलं काहीही सारथीवर दिसत नाही. तुमचं लायसन्स उत्तम, व्हॅलिड, स्वच्छ, आणि त्याच वेळी वाहनवर तुमच्या नावावर दुसऱ्याच्या गाडीचं लचांड, हे अगदी शक्य आहे.

घरातलं माणूस गेल्यावरही हाच प्रश्न येतो आणि तेव्हा डोकं ठिकाणावर नसतं. ओळखीतला एकजण वडिलांच्या मागे त्यांची स्कूटर नावावर करायची म्हणून सारथी उघडून वडिलांचा लायसन्स नंबर टाकून तासभर शोधत बसला होता, बिचारा. लायसन्स माणसाबरोबर संपतं, ते वारसाला मिळत नाही. गाडी मिळते. मृत्यूनंतर ३० दिवसांत आरटीओला कळवायचं, मग ३ महिन्यांपर्यंत वारस ती गाडी वापरू शकतो, आणि त्या मुदतीत फॉर्म ३१ भरून नावावर करून घ्यायची. वाहनवर.

आता रिक्षा. सगळा विषय एकाच गाडीत बघायचा असेल तर रिक्षा बघा, कारण तिच्यात दोन्ही सिस्टीम लागतात आणि एक कागद जरी राहिला तरी चाक फिरत नाही. रिक्षा चालवणाऱ्याचं लायसन्स सारथीवर, त्याचा बॅज सारथीवर. बॅज म्हणजे प्रवासी वाहतूक करायची परवानगी, छातीवर लावायचा तो बिल्ला, तो माणसाला मिळतो, रिक्षाला नाही, म्हणून बॅजवाला ड्रायव्हर आज याची उद्या त्याची रिक्षा शिफ्टवर चालवू शकतो. मग रिक्षाचं आरसी, फिटनेस ज्याला आपण पासिंग म्हणतो, टॅक्स आणि परमिट हे सगळं वाहनवर. विमा आणि पीयूसी काढतात बाहेरच, पण त्यांची नोंद वाहनमध्ये दिसते.

इथे परमिट जरा आडवं जातं. मी वर म्हणालो तसं ते गाडीचं, वाहनवर, बरोबर. पण ते दिलेलं असतं माणसाच्या नावाने. रिक्षा म्हातारी झाली, भंगारात गेली, तरी परमिट मरत नाही, आरटीओच्या परवानगीने त्याच परमिटवर दुसरी रिक्षा चढवता येते. म्हणजे गाडीपेक्षा परमिट जास्त जगतं. म्हणूनच रिक्षावाल्यांच्या तोंडी "परमिट माझं, रिक्षा शेठची" किंवा उलटं असली वाक्यं असतात आणि नवख्याला वाटतं परमिट म्हणजे लायसन्सच असेल, मग तो सारथीवर परमिटचा मेनू शोधतो, तो तिथे नाहीच. ज्याच्याकडे बॅज आहे त्याच्याकडे परमिट असेलच असं नाही. खरं सांगू का, या दोन सिस्टीम रिक्षावाल्यासाठी एकाच स्क्रीनवर आणल्या असत्या तर किती बरं झालं असतं, एकाच माणसाचे इतके कागद आणि इतक्या मुदती, सगळ्यांच्या तारखा वेगवेगळ्या.

मुदतीचंच घ्या. खासगी गाडीच्या लायसन्सची मुदत तुमच्या वयावर चालते, तिशीच्या आत काढलं तर वय ४० होईपर्यंत, ३० ते ५० मध्ये काढलं तर १० वर्षं, ५० ते ५५ मध्ये काढलं तर साठीपर्यंत आणि त्यापुढे ५-५ वर्षं. संपल्यावर वर्षभराच्या आत रिन्यू केलं तर ठीक, वर्ष उलटलं तर पुन्हा टेस्ट, पुन्हा त्या ट्रॅकवर आठचा आकडा. गाडीची मुदत गाडीच्या वयावर, खासगी गाडीला नोंदणीपासून १५ वर्षं आणि मग ५-५ वर्षांनी पुन्हा तपासून. त्यामुळे "माझं २०३१ पर्यंत आहे" असं कोणी म्हणालं की काय आहे ते विचारा. कच्च्या लायसन्सचं सोपं आहे, ६ महिने चालतं आणि पक्क्यासाठी ३० दिवस थांबायचं.

नवीन गाडीवाल्यांना आणि नवीन ड्रायव्हरला हा फरक जाणवतच नाही कारण मधे कोणीतरी असतो. शोरूमवाला वाहनवर परस्पर नोंदणी करून देतो, ड्रायव्हिंग स्कूलवाला सारथीवर फॉर्म भरून देतो, आणि फॉर्मवर मोबाईल नंबरही कधी कधी स्वतःचाच टाकतो! तो आधी तपासा. जुन्या पुस्तकी लायसन्सवाल्यांची आणखी वेगळी गोष्ट, त्यांचं नाव सारथीवर नसतंच बऱ्याचदा, आरटीओत जाऊन बॅकलॉग एंट्री म्हणजे जुनी नोंद सिस्टीममध्ये चढवून घेतल्याशिवाय ऑनलाइन काही पुढे सरकत नाही. जुन्या गाड्यांचंही तसंच, फक्त ती एंट्री वाहनवर.

एमपरिवहन ॲपमध्ये मात्र दोघी एकत्र राहतात, एका टॅबमध्ये आरसी, दुसऱ्यात डीएल, डिजिलॉकरमध्येही तेच, आणि पोलिसाने अडवलं तर हे मोबाईलवर दाखवलेलं चालतं. पण ते फक्त दाखवायचं कपाट आहे, मागे रजिस्टरं दोनच. ॲप घ्यायचं ते प्ले स्टोअरवरूनच, व्हॉट्सॲपवर "तुमचं चालान" म्हणून जी एपीके फाइल येते ती ना सारथीची ना वाहनची, ती तुमच्या बँक खात्यासाठी असते.

आणि जाता जाता, मोबाईल नंबर दोन्हीकडे वेगवेगळा अपडेट करावा लागतो. सारथीवर लायसन्स नंबर आणि जन्मतारीख टाकून, वाहनवर चॅसी नंबर, इंजिन नंबर आणि नोंदणीची तारीख टाकून. माझं सारथीवरचं झालंय. वाहनवर अजून २०१४ चं सिम आहे, ते आता कोणाकडे गेलंय देव जाणे, माझी चालानं त्याला जात असणार.